नवऱ्याचं आजारपण, आणि प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत

सदरवाली | ९ एप्रिल, रात्री १:१०

नमस्कार, जय ख्रिस्त. मी इथं नुसती वाचक आहे. चार वर्षांत एकदाच पाककृतीच्या धाग्यावर लिहिलं होतं. आज झोप लागत नाही म्हणून लिहायला बसले.

माझ्या नवऱ्याला (वय ४७) गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला. जानेवारीत चट्टा दिसला. दात लागत असेल म्हणून महिनाभर मलम लावत बसलो. फेब्रुवारीत तुकडा काढून तपासला. मुलाचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन. डावीकडचा जबडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस घेऊन गाल भरला. आता नाकात नळी आहे. बोललेलं कळत नाही, म्हणून मुलाची बालवाडीतली पाटी माळ्यावरून काढली, तिच्यावर लिहून देतात. २८ तारखेपासून शेक (रेडिएशन) सुरू होणार, ३० वेळा.

माझा प्रश्न औषधाचा नाही. मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आजोबा मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे एल्डर होते, आमच्या घरी संध्याकाळची भक्ती झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. आणि आता, जेव्हा सगळ्यात जास्त गरज आहे, तेव्हा बायबल उघडते आणि अक्षरं नुसती दिसतात. डोळे मिटले की "हे देवबाप" एवढं येतं. पुढं काही नाही. दहा मिनिटं तशीच बसते आणि उठून नळीचं दूध गाळायला जाते.

मंडळीतले लोक येतात, प्रेमानं येतात. "विश्वास धरा, ते बरे होणारच" म्हणतात. ते गेले की मला आधीपेक्षा एकटं वाटतं. एका बाईंनी निघताना दारात हळूच सांगितलं, "घरात कबूल न केलेलं काही पाप असेल तर प्रभूपुढं ठेवा." त्या रात्रीपासून तर मी हिशेबच करत बसले आहे.

ज्यांनी घरात असं आजारपण काढलं त्यांना विचारते. तुम्हाला बळ कुठून आलं? खरं सांगा. गोड करून सांगू नका.

वाडीचा_भाऊ | ९ एप्रिल, सकाळी ६:४५

ताई, मी काही तुमच्या धर्मातला नाही, माळकरी घरातला. पण वाचून गप्प राहवलं नाही. माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा शेजारची ख्रिश्चन मावशी रोज संध्याकाळी यायची, बाबांच्या पायाला तेल चोळायची आणि उठताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. आई अंगारा लावायची, मावशी प्रार्थना करायची. दोघींचं कधी वाजलं नाही. बाबा म्हणायचे, दोन्हीकडून वशिला लागून राहिला, आता उठावंच लागते. आणि उठले बरं का, काठी घेऊन का होईना, फुटाळा तलावापर्यंत फिरायला जात होते.

तुमच्या मालकांना आराम पडो.

रात्रपाळी | ९ एप्रिल, दुपारी ३:२०

मी नर्स आहे, अठरा वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात. आधी कामाचं सांगते.

२८ च्या आत दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. खराब दात शेकाच्या आधी काढायचे असतात. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास देतं. शेक सोमवार ते शुक्रवार असतो, म्हणजे ३० वेळा म्हटलं की सहा आठवडे धरा. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटेल, लाळ चिकट होईल. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा तोंड धुवायचं. गुळणी जमत नसेल तर नुसतं तोंडात खेळवून सोडायचं. झणझणणारं माउथवॉश अजिबात नको. डॉक्टर हो म्हणाले की तोंड उघडायचा व्यायाम लगेच सुरू करा: आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. याचा कंटाळा केला तर तोंड आखडतं ते आखडतंच. नळीतून देताना डोकं उंच, आणि दिल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा.

आता तुमचा प्रश्न. मीही ख्रिस्ती आहे. रात्री तीन वाजता वॉर्डात फेरी मारताना सगळ्या धर्मांच्या प्रार्थना कानावर पडतात, आणि खूपदा त्या एकाच शब्दाच्या असतात. "माय." "देवा." "बापा." तुमच्या ओठांवर "हे देवबाप" येतं ना? अठरा वर्षांत यापेक्षा लांब प्रार्थना मी रात्री तीनला फारशा ऐकलेल्या नाहीत.

पाळकाचा_मुलगा | ९ एप्रिल, रात्री ८:००

सदरवाली ताई, पहिल्यांदा त्या दारातल्या वाक्याचं बोलतो, कारण तो काटा आधी निघाला पाहिजे. बायबलात योहान ९ काढा. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. माझे वडील चाळीस वर्षं पाळक (पास्टर) होते. कोणी आजाऱ्याच्या घरी असं बोललं की ते त्या माणसाला बाहेर अंगणात घेऊन जायचे आणि हा अध्याय उघडून हातात द्यायचे. आवाज न चढवता.

दुसरं, रोमकरांस पत्र, ८ वा अध्याय, २६ वी ओवी. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हतो, आणि त्या कण्हण्याला शब्द नसतात. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला हे माहीत होतं. त्यानंही अंगातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली होती. काटा निघाला नाही.

सरळरेघ | ९ एप्रिल, रात्री १०:३५

ताई, तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण श्रद्धेच्या बळाचा विषय निघाला की मला माझा मामा आठवतो, आणि ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मामाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तो ख्रिस्ती नव्हता. जिथं कोणी आशा दाखवील तिथं जाणारा साधा माणूस होता. कोणीतरी त्याला चंगाई सभेला नेलं. मैदानावर हजारो लोक, मोठे भोंगे. स्टेजवर बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि "तू बरा झालास" असं जाहीर केलं. मामा रडला, घरी येऊन पोटभर जेवला, आणि पुढची दोन डायलिसिस चुकवली. आम्हाला कळलं तेव्हा श्वास लागला होता. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. मामी ४१ वर्षांची होती.

इथं "प्रार्थनेनं बळ मिळतं" असं लिहिणाऱ्या प्रत्येकानं त्याच्या खाली "औषध थांबवू नका" हेही लिहावं, एवढीच माझी मागणी आहे.

कृपा_आणि_शांती | १० एप्रिल, सकाळी ९:१५

सरळरेघ दादा, तुमच्या मामांचं वाचून हात थांबले. ज्यानं तसं जाहीर केलं त्याला देवापुढं उत्तर द्यावं लागेल. हे मी ख्रिस्ती म्हणून म्हणते.

पण माझीही साक्ष आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मेंदूज्वरानं अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आमच्या हातात होतं ते झालं, आता वाट बघा. आमच्या मंडळीनं साखळी प्रार्थना ठेवली. दर तासाला एक घर, चोवीस तास. पहाटे चारची पाळी एका रिक्षावाल्या भावाची होती. तो रेल्वे स्टेशनच्या बाहेर रिक्षा उभी करून त्यातच गुडघे टेकायचा. नवव्या दिवशी पोरानं बोट हलवलं. आज तो पॉलिटेक्निकला आहे. मी याला चमत्कार म्हणते आणि म्हणत राहीन. त्या अकरा दिवसांत एकही इंजेक्शन चुकलं नव्हतं, तेही खरं.

ताई, विश्वास सोडू नका. देव अशक्य ते करतो.

सरळरेघ | १० एप्रिल, सकाळी ११:०२

मुलगा वाचला याचा आनंद आहे. मी त्याला अँटिबायोटिक म्हणेन, तुम्ही चमत्कार म्हणा. इंजेक्शन चुकलं नाही हे तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आभार.

कामठी_रोड | १० एप्रिल, रात्री ११:५०

दोन दिवस हा धागा वाचतोय. कृपाताई, तुमच्या आनंदावर पाणी टाकायचं नाही, पण सदरवालींनी "खरं सांगा" म्हटलंय, म्हणून लिहितो.

साखळी प्रार्थना आमच्याकडेही झाली. चोवीस तास, सात दिवस. माझी बायको वाचली नाही.

तिला अंडाशयाचा कॅन्सर होता. कळलं तेव्हाच पोटात पसरला होता. दीड वर्ष केमो, मध्ये चार महिने बरे गेले, मग परत. आम्ही कॅथलिक. दुसऱ्यांदा पोटात पाणी भरलं तेव्हा मी फादरना तेलाच्या विधीसाठी बोलवायला तयार नव्हतो. लहानपणापासून डोक्यात बसलं होतं की फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस चालला. फादरांनीच मला समजावलं की हा विधी मरणाऱ्यांचा नाही, आजाऱ्यांचा आहे. चर्चनं १९७२ मध्ये तो नव्यानं मांडला तोच मुळी ही भीती जावी म्हणून, आणि याकोबाच्या पत्रातही "तुमच्यात कोणी दुखणाईत आहे काय" असंच विचारलंय. मग केला. कपाळाला आणि तळहातांना तेल. ती त्या दिवशी दुपारी अडीच तास झोपली. त्याआधीच्या आठवड्यात सलग अर्धा तासही झोपली नव्हती. रोग जिथं होता तिथंच होता.

मला प्रार्थना येत नव्हती ताई, तुमच्यासारखीच. लोकांनी मला स्तोत्र २३, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", इतक्या वेळा पाठवलं की मला मेंढपाळाचा राग यायला लागला. हिरवी कुरणं कुठं आहेत? इथं तर सलाइनचा स्टँड आहे. मग एका रात्री तिच्या उशाशी बसून पानं उलटताना स्तोत्र ८८ लागलं. त्यात शेवटी काहीही ठीक होत नाही. बाकीच्या बहुतेक विलापांत निदान शेवटच्या दोन ओळी आशेच्या असतात, इथं शेवटचा शब्द अंधाराचा आहे. आणि तरी ते बायबलात आहे. कोणीतरी देवाच्या तोंडावर असं बोललं आणि ते काढून न टाकता दोन-अडीच हजार वर्षं जपून ठेवलं. त्या रात्री मी ते मोठ्यानं वाचलं. बायको जागी होती. म्हणाली, "हे रोज वाच." मग आम्ही रोज तेच वाचलं, शेवटपर्यंत.

बळ आलं असं मी म्हणणार नाही. सकाळी उठून पॉट रिकामं करता आलं, मुलीची वेणी घालता आली. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता आणि मी जपमाळेच्या दहा मण्यांचं एक आवर्तन म्हणत होतो. पूर्ण झालं नाही.

पाच वर्षं झाली. मी अजून मिस्सेला जातो. "देवानं ऐकलं नाही का?" असं मुलगी विचारते. माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी तसंच तिला सांगतो.

सदरवाली | ११ एप्रिल, पहाटे ४:३०

कामठीरोड दादा, तुमचं तीनदा वाचलं. स्तोत्र ८८ आत्ता वाचलं.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. ती लिहिल्याशिवाय तुमच्या कोणाचं काही मला लागू पडणार नाही.

त्यांना खर्ऱ्याचं (सुपारी-तंबाखूचं) व्यसन होतं. लग्नाच्या आधीपासून. मी काय नाही केलं? रडले, भांडले, पाकिटं नालीत फेकली. मुलाची शपथ घातली. प्रत्येक उपासकाळात (ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत) सोडायचे आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, दुपारी जेवण झालं की पुन्हा पानठेल्यावर. आठ वर्षांपूर्वी पाळकांसमोर शपथ घेतली, तीन महिने टिकली. तोंड कमी उघडायला लागलं होतं, पोहे खाताना चमचा तिरपा घालायचे. मला दिसत होतं.

आता त्या नळीतून दूध सोडताना माझ्या मनात येतं, हे तू स्वतः केलंस. तू हे मला आणि पोराला केलंस. आणि लगेच ते माझ्याकडे बघतात. डोळे तसेच आहेत, आधीचे. मी नजर फिरवते. प्रार्थना येत नाही ती यामुळं, हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं. त्यांच्यासाठी काही मागायला गेले की आधी राग वर येतो, आणि रागानं कसं मागायचं? ते बोलूही शकत नाहीत, मी कोणाशी भांडू?

इतवारी_किराणा | ११ एप्रिल, सकाळी ७:३०

वहिनी, मी २३ वर्षं खर्रा खाल्ला. दिवसाला आठ-दहा पुड्या. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटून. घोटायचा तो आवाज आला तरी तोंडाला पाणी सुटायचं. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, आमच्या चौकात त्यानं एक माणूस कमी झाला नाही. तंबाखू वाईट हे सगळ्यांना माहीत असते, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. मी समजत होतो, बिनतंबाखूची चालते.

मी सोडला तो काही भक्तीनं नाही. दोन बोटं तोंडात जाईनात तेव्हा भीतीनं सोडला. माझा जिवलग दोस्त सोडू शकला नाही, तो गेला. दोघं एकाच ठेल्यावर उभे राहायचो. मी का वाचलो हे मला माहीत नाही.

एवढंच सांगतो वहिनी, ते तुमच्यापेक्षा जास्त स्वतःला शिव्या देत असतील. मी देत होतो, आणि मला तर काही झालंही नव्हतं. पाटी त्यांच्या हातात आहे. एकदा तुम्ही घ्या आणि लिहा, मी रागावले आहे म्हणून. नवरा-बायकोत ते चालते.

पाळकाचा_मुलगा | ११ एप्रिल, सकाळी १०:१०

ताई, माझी योहान ९ ची पोस्ट आता अपुरी वाटते. जन्मांधाचा दोष नव्हता असं सांगणं सोपं. जिथं कारण डोळ्यासमोर आहे तिथं काय म्हणायचं? यावर मी दिवसभर विचार करीन.

एकच आत्ता सुचतं. लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला सरळ म्हणाली होती, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिनं राग गिळला नाही. त्यानं तिला दटावलं नाही, आणि पुढं तो स्वतः रडला.

हिस्लॉप७४ | ११ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

बाळ सदरवाली, मी ७२ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका, टाइप करायला वेळ लागतो म्हणून उशीर.

तुझ्यासाठी बायबलातला मार्क २ आणला आहे. पक्षघाती माणसाला चौघे खाटेवर घालून आणतात. गर्दीमुळं दारातून आत जाता येत नाही, तर छप्पर उकलून खाट खाली सोडतात. मी शाळेत हे चाळीस वर्षं शिकवलं आणि एक शब्द माझ्या नजरेतून निसटत होता. माझे यजमान आजारी पडले तेव्हा तो दिसला. तिथं लिहिलंय, येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला. उचलणाऱ्यांचा. खाटेवरच्या माणसानं काही मागितलं, काही कबूल केलं, याचा उल्लेखच नाही. आणि पहिलं वाक्य त्याला काय ऐकायला मिळालं? मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. म्हणजे असेल काहीतरी त्याचंही. पण चौघांनी ते विचारून मग खाट उचलली नाही.

तुला वाटतं आहे की तू उचलणाऱ्यांपैकी एक आहेस आणि तुझा हात सुटतो आहे. अगं, तूही खाटेवरच आहेस. घरात एकाला कॅन्सर झाला की अख्खं घर त्या खाटेवर असतं. तू काही दिवस प्रार्थना करूच नकोस. आम्ही करतो. लेक तापात पडल्यावर तिनं स्वयंपाक करावा असं कोणती आई म्हणते?

आता थोडं माझं, म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आईनं सगळ्या वस्तीच्या पाहुण्यांसाठी पोळ्या लाटल्या होत्या, मला ती पिठाची परात आठवते. कोणाचा बाप्तिस्मा लहानपणी, कोणाचा मोठेपणी, पटत नव्हतं त्यांचंही. तरी एका ताटात जेवले. सीताबर्डीचं मुर मेमोरियल हॉस्पिटल स्कॉटिश मिशननं बायकांसाठी काढलं, माझी आजी तिथं दाया-सुईणींच्या हाताखाली काम शिकली. ती सांगायची, आजाऱ्याच्या घरी गेलं की आधी चूल पेटली आहे का बघावं, मग गुडघे टेकावे.

तेव्हा कामाचं विचारते. ३० दिवसांचे शेक आहेत. रोज सोबत कोण जाणार? तू एकटी?

सदरवाली | ११ एप्रिल, रात्री ९:२५

काकू, मी एकटीच. दीर अमरावतीला असतात. मंडळीत सांगितलं तर येतील, पण मला मागता येत नाही. सगळे "काही लागलं तर सांगा" म्हणतात, आणि मी "हो" म्हणते.

"तूही खाटेवरच आहेस" हे वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

रात्रपाळी | ११ एप्रिल, रात्री १०:००

"काही लागलं तर सांगा" या वाक्यानं आजपर्यंत एकाही नातेवाइकाला चहा मिळालेला नाही. काकू, तुम्ही यादी करा. माझी सुट्टी गुरुवारी असते. गुरुवार माझे.

वाडीचा_भाऊ | ११ एप्रिल, रात्री १०:२०

माझ्याकडे गाडी आहे. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत ताजं ऑपरेशन झालेल्या माणसाला ऑटोत नेऊ नका. मंगळवार लिहून घ्या काकू. माळकरी चालते ना?

हिस्लॉप७४ | ११ एप्रिल, रात्री १०:४५

छप्पर उकलणाऱ्या चौघांची जात-पात शास्त्रात दिलेली नाही. मंगळवार तुझा.

सरळरेघ | १२ एप्रिल, सकाळी ८:४०

मी प्रार्थना करणार नाही, पण कागदपत्रं करतो, माझं रोजचं काम तेच आहे. ताई, महात्मा जोतीराव फुले योजनेत ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरचे शेक त्यात येतात. तुमचा दवाखाना योजनेत असेल तर तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि तपासणीचा रिपोर्ट घेऊन शेक सुरू व्हायच्या आधी जा, कारण मंजुरी आधी लागते. मला निरोप टाका, मी सोबत येतो.

ऑरेंज_लाइन | १२ एप्रिल, दुपारी १:१५

थोडं विषयांतर. मुलाला किती सांगितलंय? माझ्या आईच्या वेळी मी पंधरा वर्षांची होते आणि सगळे मला "आईला बरं वाटतंय" सांगायचे. मी दाराआडून सगळं ऐकत होते. दोन वर्षं मला वाटत होतं की मी तिच्यावर एकदा ओरडले म्हणून ती आजारी पडली. मुलाला खरं सांगा. आणि काहीतरी काम द्या.

सदरवाली | १९ एप्रिल, रात्री ११:००

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) काल झाला. सगळ्यांना एकत्रच सांगते.

ऑरेंज लाइन ताई, मुलाशी बोलले. त्याला बरंच माहीत होतं. गाठी किती निघाल्या ते त्यानं रिपोर्टमध्ये वाचलं होतं, मला न सांगता. लाकडी पट्ट्यांचं काम त्यानं घेतलंय. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. भिंतीवर तक्ता लावलाय. सध्या नऊ पट्ट्या जातात.

त्या दिवशी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची भक्ती असते, तिथं मी तीन वर्षांपासून वाचन करते. यंदा नको म्हणणार होते. पाळकांनी विचारलं, चौथा उद्गार वाचशील का? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" मी उभी राहिले आणि वाचलं. आवाज फाटला. पण शब्द माझे नव्हते ना, त्यामुळं पूर्ण म्हणता आले. एवढ्या दिवसांत देवाशी बोललेलं ते माझं पहिलं पूर्ण वाक्य.

घरी आल्यावर, इतवारी दादा, मी पाटी घेतली. "मी तुमच्यावर फार रागावले आहे" असं लिहून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बराच वेळ वाचलं. मग पुसलं नाही, खाली लिहिलं: "मी पण." आणि त्याच्याखाली: "जाऊ नको." मी कुठं जाणार होते? पण त्यांना ती भीती होती, हे मला ठाऊकच नव्हतं. रात्री दोघं तशीच बसलो, पाटी मध्ये ठेवून.

कामठी_रोड | १९ एप्रिल, रात्री ११:४०

ती पाटी पुसू नका. नवी आणा.

कृपा_आणि_शांती | २० एप्रिल, सकाळी ६:१०

प्रभू उठला आहे. ताई, "ते बरे होणारच" असं म्हणणाऱ्यांत मीही असते, तुमच्या मंडळीत नसले तरी. आजपासून आधी डबा नेईन आणि मग बोलेन. शुक्रवार माझे लिहा काकू.

सदरवाली | ९ मे, रात्री १०:३०

नऊ शेक झाले. १ मेची सुट्टी आली म्हणून एक दिवस पुढं गेला.

तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला पक्का करतात, हलता येत नाही. सगळे बाहेर जातात आणि जाड दार लागतं. पहिल्या दिवशी ते घाबरले, हात थरथरत होता. बाहेर आल्यावर पाटीवर लिहिलं, "आत कोणीच नसते." दुसऱ्या दिवशी मुलानं त्यांच्या तळहातावर पेननं लिहून दिलं, "मी दाराबाहेर आहे. पप्पा, शंभर मोजा." आता आत मोजतात. म्हणतात, सत्तरपर्यंत देवाला, पुढचे तीस आम्हाला.

सरळरेघ दादांनी योजनेची मंजुरी आणून दिली. चार वेळा खेटे घातले, एकदाही कुरकुर केली नाही. वाडीच्या भावाच्या गाडीत तुकोबांच्या अभंगांची कॅसेट होती, ती ऐकून ते मान डोलावत होते.

प्रार्थना अजून सरळ येत नाही. "हे देवबाप" म्हणते आणि मग काकूंच्या यादीतली नावं म्हणते. सोमवारचं कोण, मंगळवारचं कोण. नावं संपली की आमेन. कधी मध्येच राग येतो, तोही सांगते.

तोंड आतून लाल झालंय, रात्रपाळी ताई म्हणाल्या तसंच. नळी आहेच. काल पाटीवर लिहिलं, "ताकातल्या कण्या कधी?" डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शेक संपू दे, सूज उतरू दे, मग पातळ, गाळून, चमचाभर.

रात्रपाळी | ९ मे, रात्री ११:०५

वजन किती आहे? आणि आता पट्ट्या किती?

सदरवाली | ९ मे, रात्री ११:०८

५४. सव्वा किलो कमी झालं. पट्ट्या अकरा.

रात्रपाळी | ९ मे, रात्री ११:१२

अकरा छान. वजनाचं सोमवारी डॉक्टरांना सांगा, नळीतलं वाढवून देतील. सातूचं पीठ दुधात चालतं, पण दोनदा गाळून. नळी तुंबली तर घरी काही घालून ढकलू नका, मला फोन करा.

हिस्लॉप७४ | ९ मे, रात्री ११:३०

ज्वारीच्या कण्या मी भरडून ठेवते, जून निघेपर्यंत टिकतात. सोमवारी मी येणार आहे. दवाखान्याचं कुठलं दार, पुढचं की पार्किंगकडचं? मला पायऱ्या चढवत नाहीत.